पटल दिसेपर्यंत

पहाटे 4:05. आटगाव स्टेशनापासून आत, तानसाच्या रस्त्यावरचा पाडा. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ताई उठतात त्या थेट पिंपाकडे जातात. टँकर काल दुपारी येऊन गेला. दोन पिंपं भरली आहेत, ती परवापर्यंत पुरवायची. एक कळशी प्यायला, अर्धी बादली अंघोळीला, बाकीचं झाकून ठेवायचं. सासूबाई चुलीपाशी बसल्या आहेत. तांदळाच्या तीन भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, एक कांदा. डबा झाला. तानसा तलावाच्या बाजूला गेलं की मुंबईला जाणाऱ्या जलवाहिन्या दिसतात, माणूस आत उभा मावेल एवढ्या. 1892 पासून तानसाचं पाणी त्या दिशेनं जातंय. ताईंची गाडीही त्याच दिशेची.

पहाटे 5:00. नवरा मोटारसायकलवरून स्टेशनला सोडतो. तो इथल्याच एका खोक्यांच्या कारखान्यात आहे, सातच्या पाळीला. तो रात्रपाळीला असला की ताई चालत येतात, हातात बॅटरी घेऊन. आटगाव ते मुंबई सीएसएमटी सुमारे 95 किलोमीटर. पास तिमाही काढलेला. एकदम पैसे काढायचे म्हणजे त्या महिन्यात किराणा आवरता घ्यावा लागतो, पण तीन महिन्यांच्या प्रवासाला 2.7 महिन्यांचेच पैसे पडतात. ताईंचा पगार हातात 23 हजार. कंत्राट अकरा महिन्यांचं.

पहाटे 5:20. कसाऱ्याहून गाडी येते. बायकांच्या डब्यात टोपल्या आधी चढतात, मग बायका. ठाकूर आणि कातकरी बाया करवंदं, जांभळं घेऊन कल्याणला, दादरला निघाल्यात. पहाटे तोडलेला माल. दुपारपर्यंत विकला गेला पाहिजे, नाहीतर जांभूळ पाणी सोडतं. ताईंना खिडकी मिळते. आसनगाव, वासिंद, खडवली. टिटवाळ्याला चौथी सीट भरते. कल्याणनंतर उठून दाराकडे सरकायलाही जागा राहत नाही. तोवर ताई झोपून घेतात. बॅग मांडीवर, हात बॅगेवर. त्यांच्या कामाला हात स्थिर लागतो आणि तो या झोपेवर अवलंबून असतो, असं त्या म्हणतात.

सकाळी 7:25. दादर. तिथून धिम्या गाडीनं एक स्टेशन पुढं: परळ. पूल, जिना, रस्ता. कोपऱ्यावर कटिंग चहा, बारा रुपये. समोर एक टॉवर उभा राहतोय. अजून जमिनीतच आहे. पायलिंगचं यंत्र रात्रीपासून मान टाकून उभं. ताई चहा पिताना त्या यंत्राकडे बघतात. ते साडेनऊला चालू होतं. तेवढ्यासाठीच ही पहाटेची गाडी.

सकाळी 7:50. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीतला तळमजला. दारावर पाटी: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. तळमजलाच का, तर वरच्या मजल्यांवर जमीन जास्त थरथरते. आत तीन खोल्या. एकीत रसायनं, एकीत कापायचं यंत्र, एकीत माणसापेक्षा उंच असा सूक्ष्मदर्शकाचा खांब. इथं माणसाच्या पेशी येतात. बहुतेक मूत्रपिंडाच्या. जाड सुईनं काढलेला तुकडा, शेवटी ज्याचा मिलिमीटरभर भाग इथवर पोचतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवता येत नाही. पेशीच्या आतलं पटल असतं सात-आठ नॅनोमीटर जाडीचं. त्यामुळे डॉक्टरांना साध्या काचेवर सगळं ठीक दिसतं आणि पेशंटच्या लघवीतून मात्र प्रथिन वाहतच असतं. अशा वेळी तुकडा ताईंकडे येतो.

सकाळी 8:00. आधी सुऱ्या. काचेच्या. खरं तर या कामाला हिऱ्याची सुरी असते. ती काही लाखांची वस्तू. इथली सुरी धार लावायला परदेशी गेली आहे, तीन महिने झाले. तोवर काच. ताई काचेची पट्टी घेतात, 25 मिलिमीटर रुंद, 6 जाड. हातमोज्यानं पुसतात. यंत्रात आडवी ठेवून आधी चौकोन तोडतात. मग चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओरखडा. आता दांडा अगदी सावकाश फिरवायचा. घाई केली की धार दातेरी येते. ताई दांड्यावर दोन बोटं ठेवून थांबतात. फिरवतात. थांबतात. कट्. चौकोनाच्या दोन सुऱ्या होतात. दिव्यासमोर धरून धार बघायची. धारेचा एक भाग चांगला असतो, बाकीचा टाकाऊ. आज पहिल्या चौकोनाच्या दोन्ही सुऱ्या गेल्या. दुसऱ्याची एक चालेल. तिसऱ्याच्या दोन्ही उत्तम.

सुरीच्या पाठीला धातूची चिकटपट्टी लावून छोटी होडी करायची, तिच्यात पाणी राहायला हवं. फटी बुजवायला नेलपॉलिश. पंधरा रुपयांची बाटली, दादरच्या फुटपाथवरची. खरेदीच्या यादीत नेलपॉलिश लिहिता येत नाही, म्हणून ती ताईंच्या पैशातून येते.

सकाळी 8:35. कापणी. ब्लॉक काल ट्रिम करून ठेवलाय. रेझिनचा कडक ठोकळा, त्याच्या टोकात अडकलेला मूत्रपिंडाचा ठिपका. काल त्याचा एक मायक्रॉनचा जाड सेक्शन काढून, टोल्युडिन ब्लूनं रंगवून ताईंनी खात्री केली होती की यात ग्लोमेरुलस आहे, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ. तो नसेल तर पुढची मेहनत फुकट. गुच्छाभोवतीचं सगळं ब्लेडनं तासून ठोकळ्याचं तोंड मिलिमीटरच्याही आतलं केलंय. चार बाजू, समोरासमोरच्या दोन समांतर.

पंखा बंद. एसी बंद. दार लावलेलं. ठोकळा यंत्राच्या दांड्याला लागतो. दांडा वर जातो, खाली येतो, प्रत्येक वेळी 70 नॅनोमीटर पुढं सरकतो. माणसाचा केस साधारण 70 हजार नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या एका जाडीत असे हजार काप बसतील. ताई दुर्बिणीला डोळे लावून बसल्यात. काप सुरीच्या धारेवरून होडीतल्या पाण्यावर येतो. त्याच्या मागून दुसरा, पहिल्याला चिकटून. तिसरा. पट्टी तयार होते. जाडी रंगावरून कळते. राखाडी आला तर फारच पातळ. सोनेरी आला तर जाड. चंदेरी हवा. जांभळा आला तर ताई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतात.

पाण्यावरचे काप हलवायला त्यांच्याकडे एक काडी आहे. दात कोरायची लाकडी काडी, तिच्या टोकाला नेलपॉलिशनं चिकटवलेली पापणी. ताईंची स्वतःची. पापणीचं टोक निमुळतं असतं, लवचिक असतं, काप फाडत नाही. बाजारात यासाठी तयार काड्या मिळतात. पण ज्यांनी आयुष्यभर काप घेतले त्यांतल्या अनेकांच्या टेबलावर हीच घरची काडी असते. त्या काडीनं ताई पट्टी तोडतात, तीन-तीन कापांचे तुकडे जवळ आणतात. क्लोरोफॉर्ममध्ये बुडवलेला कापूस वरून फिरवतात. वाफेनं कापांच्या सुरकुत्या जातात. मग चिमट्यात ग्रिड धरायची. तांब्याची जाळी, तीन मिलिमीटर व्यासाची, चाळीसेक रुपयांना एक. वरून अलगद टेकवायची. काप जाळीला लागतात.

पहिली ग्रिड चांगली. दुसरी चांगली.

सकाळी 9:10. धप्. धप्. धप्.

आज यंत्र वीस मिनिटं आधीच सुरू झालं. ताई दांडा थांबवतात. शेवटचे चार काप बघतात. त्यांवर सुरीच्या धारेला समांतर अशा बारीक रेघा उमटल्यात. यंत्राखाली धक्के शोषणारं जड टेबल आहे, तरी. हे काप टाकून द्यायचे. ताई होडीतलं पाणी टिपतात, सुरी काढतात, ठोकळ्यावर टोपी घालतात. चिडत नाहीत. "आता एक वाजता," म्हणतात. टॉवरवरच्या कामगारांची जेवणाची सुट्टी एक ते दोन. गेले तीन महिने प्रयोगशाळेतलं बारीक काम त्यांच्या जेवणाच्या वेळेवर चाललंय.

सकाळी 9:45. रसायनांची खोली. काल संध्याकाळी नाशिकहून एक तुकडा आलाय. थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, मध्ये बोटाएवढी कुपी. कुपीत ग्लुटराल्डिहाइड. तुकडा थंड हवा, पण गोठता कामा नये. गोठला तर पाण्याचे स्फटिक पटलं फाडतात आणि पुढं काय बघायचं तेच उरत नाही. ताई आधी कुपी हलवून बघतात. पाणी पाणीच आहे. बरं.

ग्लुटराल्डिहाइड प्रथिनं जागच्या जागी बांधून ठेवतं. पटलं मात्र मुख्यतः मेदाची. त्यांच्यासाठी ऑस्मियम. ऑस्मियम टेट्रॉक्साइडची एक ग्रॅमची कुपी ताईंच्या महिन्याच्या पगाराला भारी पडते. शिवाय तिची वाफ डोळ्याला लागली तर बुबुळ काळवंडतं. म्हणून गॉगल, दुहेरी हातमोजे, आणि धुराड्याच्या कपाटात हात घालूनच काम. प्रयोगशाळेतले मदतनीस मामा दारातूनच विचारतात, "ताई, येऊ का?" ताई मानेनंच नाही म्हणतात. एक टक्क्याचं द्रावण, फिकट पिवळं. त्यात पांढुरका तुकडा सोडला. पाच मिनिटांत कडा करड्या. तासाभरात तुकडा काळाभोर.

हा काळेपणा म्हणजेच पुढचं चित्र. ऑस्मियम मेदातल्या दुहेरी बंधांना जाऊन चिकटतं. जड धातू. त्यावर इलेक्ट्रॉन आदळतात आणि बाजूला फेकले जातात, म्हणून चित्रात तिथं काळी रेघ येते. जॉर्ज पॅलाडे यांनी 1952 साली ऑस्मियमचं द्रावण योग्य आम्लतेला बांधून वापरायची रीत बसवली. तोवर पेशीच्या आतलं बरंच काही फुगून, विरघळून जायचं. त्याआधी 1945 मध्ये पोर्टर, क्लॉड आणि फुलम यांनी एका अख्ख्या पेशीचं पहिलं इलेक्ट्रॉन चित्र छापलं होतं. ती कोंबडीच्या भ्रूणातली पेशी होती, आणि कापायची सोय नव्हती म्हणून पातळ पसरलेलीच निवडली होती. पॅलाडे, क्लॉड आणि द डूव्ह यांना 1974 मध्ये नोबेल मिळालं. शाळेच्या पुस्तकात तंतुकणिकेच्या पोटात ज्या घड्या काढलेल्या असतात, त्या या काळ्या रेघांवरून काढल्यात. मला या सगळ्या इतिहासात शोधाइतकंच मोल या रीतींचं वाटतं. कोणतं द्रावण, किती वेळ, किती थंड. ताई रोज सकाळी हेच करतात.

वापरून झालेलं ऑस्मियम मोरीत ओतायचं नाही. कपाटाखाली मक्याच्या तेलाची बाटली आहे, किराणा दुकानात मिळते तीच. उरलेलं द्रावण त्यात. तेलातही तेच दुहेरी बंध. तेल काळं पडतं आणि विष बसतं. बाटलीच्या तळाशी डांबर साचलंय. ही बाटली मामा आणतात, आणि तिचं बिल मात्र निघतं.

सकाळी 11:15. तुकडा धुतला. आता अल्कोहोल: तीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद, शंभर. पायरीपायरीनं पाणी बाहेर काढायचं. दर पायरीला पंधरा मिनिटं. मग प्रॉपिलीन ऑक्साइड, मग रेझिन. रात्रभर मुरेल. उद्या साच्यात, त्यानंतर 60 अंशांच्या भट्टीत दोन दिवस. नाशिकचा तुकडा कापायला यायला आणखी तीन-चार दिवस आहेत. प्रयोगशाळेत एका वेळी असे पाच-सहा पेशंट वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात. एक अल्कोहोलमध्ये, एक भट्टीत, एक सुरीखाली. ताईंच्या वहीत प्रत्येकाचा नंबर आहे. नावं त्या लिहीत नाहीत. वय लिहितात.

दुपारी 12:20. स्टोअरची फाइल. ग्रिडची मागणी गेल्या महिन्यात गेली, अजून सही व्हायची आहे. ताई विचारून येतात. उद्या या, असं उत्तर. डिस्टिल्ड पाण्याचा प्लँट बघतात. एक लिटर डिस्टिल्ड पाणी यायला यंत्र थंड करताना नळाचं कितीतरी लिटर मोरीत जातं. ताईंनी त्या नळीखाली दोन बादल्या लावल्यात. ते पाणी मामा फरशीला वापरतात.

दुपारी 1:05. पायलिंग थांबलं. ताई डबा न उघडता सुरीपाशी बसल्या. एसी बंद. मेच्या दुपारी बंद खोलीत घाम येतो, घामाचा थेंब होडीत पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलाय. नवी सुरी. धार आणि ठोकळा यांच्यातली फट उजेडाच्या रेघेवरून जोखत जवळ आणायची. रेघ बारीक होत होत केसाएवढी. मग आपोआप चालू. पहिले काप सोनेरी. जाडी थोडी कमी. चंदेरी. चंदेरी. चंदेरी.

पंचवीस मिनिटांत चार ग्रिड. त्यानंतर सुरीची धार गेल्याचं पट्टीवर आलेल्या उभ्या रेघेवरून कळलं. पुरे.

दुपारी 1:40. रंग द्यायचा. रंग म्हणजे इथं जड धातू. आधी युरॅनिल ॲसिटेट, झाकून, कारण उजेडानं ते बिघडतं. पंधरा मिनिटं. धुवायचं. मग शिशाचं सायट्रेट, पाच मिनिटं. रेनॉल्ड्स यांची 1963 ची कृती. शिशाचं वैर कार्बन डायऑक्साइडशी. हवेतला लागला तरी पांढरा साका धरतो आणि चित्रावर काळे ठिपके पसरतात. म्हणून काचेच्या बशीत कडेनं सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे मांडायचे, ते हवेतला वायू ओढून घेतात. पाणीही उकळून गार केलेलं. तरी माणसाच्या श्वासाचं काय? ताई बशीचं झाकण उचलतात तेव्हा श्वास धरतात. चिमट्यानं एक ग्रिड थेंबावर उलटी ठेवली, झाकण टाकलं, मग सोडला. दुसरी. पुन्हा धरला. सहा ग्रिड, सहा वेळा. काढताना पुन्हा तेच. शिकायला येणाऱ्या मुलींना हे सांगावं लागत नाही. ताईंकडे बघून त्याही आपोआप श्वास धरतात.

दुपारी 2:10. बाहेर बाकावर डबा. दोन भाकऱ्या ताईंना, एक मामांना. मामा घरची कैरी आणतात. पायलिंग सुरू झालंय. आता होऊ दे.

दुपारी 2:40. सूक्ष्मदर्शक. चिलर बघितला, व्हॅक्यूम बघितला. आतली हवा काढलेली असते, नाहीतर इलेक्ट्रॉन वाटेतच विखुरतील. द्रवरूप नायट्रोजन ओतायचा, उणे 196 अंश. तो खांबातल्या एका भांड्यात राहतो आणि आतली उरलीसुरली वाफ त्या थंड धातूवर बसते. ओतताना पांढरी वाफ ताईंच्या चपलांवरून वाहत जाते. पायात कायम बंद चपला, उन्हाळ्यातही. मग ऐंशी हजार व्होल्ट. टंगस्टनचं फिलामेंट हळूहळू तापवायचं. एकदम तापवलं तर जळतं, आणि नवीन बसवायला अर्धा दिवस जातो. ग्रिड होल्डरमध्ये बसवली, होल्डर खांबात सरकवला. पडद्यावर जाळीचे चौकोन आले.

दुपारी 3:00. डॉक्टर मॅडम येतात, बरोबर एक रेसिडेंट मुलगा. खोलीत अंधार. ताई नॉबवर, मॅडम स्क्रीनसमोर.

केस: वय 24, मुलगी. पायाला सूज, लघवीत प्रथिन. साध्या सूक्ष्मदर्शकात फारसं काही हाती लागलं नाही. रक्ताचे काही रिपोर्ट अजून यायचेत.

"ताई, दोन हजारवर फिरवा."

ताई फिरवतात. गुच्छ येतो. केशवाहिनीची गोल पोकळी, तिच्यात एक तांबडी रक्तपेशी, इथं ती गडद काळी दिसते. पोकळीभोवती पायापटल, तीन-साडेतीनशे नॅनोमीटर जाड. त्याच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाची पेशी, जिचे पाय एकाआड एक पटलावर टेकलेले असायला हवेत. इथं काही जागी पाय एकमेकांत मिसळून सपाट झालेत. "आठ हजार." चित्र जवळ येतं. पोडोसाइटमध्ये तंतुकणिका दिसते, दोन पटलांची, आतल्या घड्यांसकट. आंतर्द्रव्यजालिकेच्या समांतर पट्ट्या, त्यांवर रायबोसोमचे ठिपके. सकाळच्या दोन आणि दुपारच्या चार अशा सहा ग्रिड, त्यातल्या दुसरीवर हे सगळं स्वच्छ. कुठं साका नाही, रेघ नाही. मॅडम काही म्हणत नाहीत. चांगल्या कापावर कुणी काही म्हणत नाही. खराब असला तरच बोलणं होतं.

"पोकळीच्या आतल्या अस्तरात जा. तिथं. थांबा."

ताई आधीच थांबल्यात. केशवाहिनीला आतून अस्तर घालणाऱ्या पेशीत, आंतर्द्रव्यजालिकेच्या एका फुगलेल्या कप्प्यात, काहीतरी गुंतागुंतीचं आहे. "तीस हजार करा." आता दिसतं: बारीक नळ्या, एकीतून दुसरी फुटलेली, शेवयांचा गुंता पडावा तशा. प्रत्येक नळी पंचविसेक नॅनोमीटरची. कप्प्याच्या पटलातूनच निघालेल्या.

"ट्यूब्युलोरेटिक्युलर," मॅडम म्हणतात. रेसिडेंटकडे वळतात. "कशात दिसतात?"

"ल्युपस, मॅडम."

"आणि?"

तो गप्प.

"एचआयव्ही. शिवाय इंटरफेरॉन दिलेल्या पेशंटमध्ये. शरीरात इंटरफेरॉन वाढलं की ही पेशी आतल्या पटलाचं असं करते. म्हणजे ही खूण आहे, निकाल नाही. तिचा ल्युपससाठीचा एएनए आला का बघ. एचआयव्हीची तपासणी झालीय का विचार. आत्ताच फोन कर."

मुलगा बाहेर जातो. ताई फोटो घेतात. एक तीस हजारवर, एक पन्नास हजारवर, एक शेजारच्या पेशीचा तुलनेसाठी. बीम एका जागी जास्त वेळ ठेवला तर काप जळतो, म्हणून फोकस बाजूच्या रिकाम्या रेझिनवर करून मग सरकायचं. हे मॅडमनी सांगितलेलं नाही. हात तसाच वळलाय.

दुपारी 4:10. फोन होऊन मुलगा परत येतो. एचआयव्ही निगेटिव्ह, एएनए उद्या. मॅडम आणखी एक जागा बघतात. पोडोसाइटच्या आत गोल कप्पा, भोवती काट्यांची कड. मुलगा पुढं वाकतो. "मॅडम, हा कोरोनासारखा दिसतो."

मॅडम खुर्ची त्याच्याकडे वळवतात. हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्या तो घाईत उरकत नाहीत. 2020 मध्ये हीच गफलत जगभर झाली. मूत्रपिंडाच्या तुकड्यांत, फुप्फुसांत असे काटेरी गोल दिसले आणि विषाणू सापडला म्हणून लेख छापून आले. त्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर मुरलेल्या लोकांनी पत्रं लिहिली की हे पेशीचे स्वतःचेच कप्पे आहेत, क्लॅथ्रिन या प्रथिनाचं आवरण असलेले. पेशी बाहेरचं काही आत घेते तेव्हा असेच होतात. आकार विषाणूच्या जवळपास, कडही काटेरी.

"मग ओळखायचं कसं?"

"काटे कुठल्या बाजूला आहेत बघ. इथं ते थेट पेशीद्रव्यात आलेत. कोरोना असा मोकळा पेशीद्रव्यात बसत नाही. तो पेशीच्या आतल्या पटलातून कप्प्याच्या पोटात शिरतो. म्हणजे त्याच्याभोवती आणखी एक पटल हवं."

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च 2020 मध्ये भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातला विषाणू अशाच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, 75 नॅनोमीटरचा. तो फोटो वर्तमानपत्रांत आला. तिथं नमुना द्रवातला होता, पेशीचा काप नव्हता, त्यामुळे हा गोंधळ नव्हता. ताई एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलतात. "हे गोल साथीच्या आधीपासून दिसतात. माझ्या जुन्या फोटोंत आहेत. काढून ठेवते." मॅडम म्हणतात, "उद्या याला दाखवा." मुलगा वहीत लिहून घेतो. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ताईंचं होतं. एखादी गोष्ट आजाराची आहे की नेहमीचीच, हे ज्यानं नेहमीचं भरपूर पाहिलंय तोच सांगू शकतो.

सायंकाळी 4:50. फोटोंना नंबर, वहीत नोंद. ग्रिड डबीत, डबीवर नंबर. फिलामेंट उतरवलं. नाशिकचा तुकडा रेझिनच्या पहिल्या मिश्रणात टाकला, फिरत्या चाकावर लावला. भट्टी 60 वर आहे. काचेचे कपचे टिनाच्या डब्यात, वर लाल शाईत काच असं लिहिलेलं, म्हणजे कचरा नेणाऱ्या मावशींचा हात कापणार नाही. हातमोजे धुऊन वाळत घातले. बाहेरचे मोजे एकदा वापरून टाकायचे असतात. आतले ताई धुतात.

रिपोर्ट मॅडम लिहितील. खाली त्यांची सही.

सायंकाळी 5:55. दादर. कसारा गाडीला फलाटावर चार रांगा. कल्याणला उतरणाऱ्या बायका कसारावाल्यांना म्हणतात, तुम्ही आत जा, आम्हाला दार द्या. हे रोज ठरलेलं असूनही रोज भांडण होतं. ताई आत जातात. ठाण्यानंतर टेकायला जागा. कल्याणला बसायला. सकाळच्या टोपलीवाल्या बायांपैकी दोघी त्याच डब्यात भेटतात, टोपल्या रिकाम्या. एकीच्या टोपलीत तळाशी उरलेली जांभळं आहेत. "वीसला घे सगळी, ताई." ताई घेतात. समोरच्या बाईनं मेथीची जुडी काढली आहे. अर्धी जुडी ताईंच्या मांडीवर येते. पानं खुडणं सुरू.

सायंकाळी 7:20. टिटवाळ्याच्या पुढं रेंज येते. मॅडमचा मेसेज: उद्या तीन केस येतायत, एक लहान मूल, अर्जंट. ताई मेथीची काडी हातात धरून हिशेब करतात. डबीत ग्रिड उरल्यात सात. एका केसला निदान तीन. स्टोअरची सही अजून नाही. काचेची पट्टीही थोडीच उरलीय, म्हणजे फार तर दहा-बारा सुऱ्या, त्यातल्या निम्म्या चांगल्या निघाल्या तर. त्या मामांना फोन लावतात. आवाज गाडीत हरवतो म्हणून मोठ्यानं बोलतात.

"मामा, उद्या आल्या आल्या स्टोअरला जाऊन बसा. साहेब दहाला येतात. फाइल त्यांच्या टेबलावर वरती ठेवा. आणि त्या टॉवरच्या मुकादमाला विचारा, उद्या पण नऊलाच सुरू करणार काय. करणार असतील तर मी एक गाडी आधीची धरते."